झाकलेली शेगडी

"भिमाईच्या माजघरातून धूर निघतो म्हणे, आणि ती त्या विस्तवावर..." पाणवठ्यावर एवढंच सगुणाकाकूच्या कानावर पडलं. तिला पाहताच बायका गप्प झाल्या.

फार जुन्या काळातली ही गोष्ट, गवती छपरांच्या एका गावातली. तिथे एकदा मोठी आग लागली. निम्मं गाव जळालं, सगुणाकाकूची आई त्यातच गेली. तेव्हापासून किल्लेदाराचा हुकूम होता की, घरात विस्तव पेटवायचा नाही. सगळ्यांचा स्वयंपाक चावडीपुढच्या एकाच मोठ्या चुलीवर, पहारेकऱ्यांच्या देखत. जो मोडेल तो गावाबाहेर! हुकूम कडक खरा, पण नंतर एकही छप्पर जळालं नाही.

भिमाई गावची सुईण, काकूची भिंतीला भिंत लागून शेजारीण. काकूला कुठलं राहवतंय! ती थेट तिच्या माजघरात शिरली.

आत श्वास घेववत नव्हता. धूर बाहेर दिसू नये म्हणून भिमाईने खिडकीत गोधड्या कोंबल्या होत्या. शेगडीजवळ तिची बाळंतीण लेक, तिच्या कुशीत मूठभर जीव, खोकून खोकून निळा पडलेला. एका गोधडीचं टोक निखाऱ्यांवर लोंबून करपलं होतं.

"अगं, गाव पेटवतेस की काय!"

"सातव्या महिन्यातलं आहे गं. ऊब तुटली तर जाईल. जा, सांग चावडीवर. तुझ्या तोंडात तीळ भिजायचा नाही!"

काकूने आधी गोधड्या ओढून काढल्या. वारा आला, बाळाचा खोकला शमला. मग ती खरंच चावडीवर गेली आणि किल्लेदारालाच घेऊन आली.

"एकीला सोडलं तर उद्या घरोघरी चुली पेटतील," किल्लेदार म्हणाला.

"सरकार, माझी आई आगीत गेली. तुमच्या हुकमामुळेच मी निर्धास्त असते. पण आज गाव जळालं असतं, तर ते शेगडी लपवल्यामुळे."

किल्लेदाराने ते करपलेलं टोक बोटांनी चोळून पाहिलं. मग तो म्हणाला,

"बाळंतिणीला आणि आजाऱ्याला शेगडी मिळेल. खाली वाळू, जवळ पाण्याची घागर, खिडकी उघडी आणि शेजारचं एक माणूस राखणीला. बाकीच्यांना हुकूम तोच. आणि काकू, इथे काही पेटलं, तर हिच्याबरोबर तूही गावाबाहेर."

काकू म्हणाली, "कबूल."

सव्वा महिना ती शेगडी राखत बसली. बाळ तगलं.

पुढे पाणवठ्यावर बायकांनी विचारलंच, "काय गं, भिमाई विस्तवावर करणी करायची, ते खरं का?"

"धूर होता, ते खरं," काकू म्हणाली. "करणी कसली? नातवाला ऊब देत होती बिचारी."

तात्पर्य: सर्वांच्या जिवासाठी नियम हवाच; पण अडलेल्याला उघडपणे गरज सांगता येईल एवढी वाट त्यात ठेवावी, आणि ज्याला मोकळीक हवी त्याने तिची राखणही करावी.