घोंगडीतली ऊब

पिंपळडोह हे माणदेशातलं अगदी लहानसं गाव. श्रीडोहनाथ महाराज त्या वर्षी तिथल्या ओढ्याकाठच्या पारावर मुक्कामाला होते. ते कुठून आले, कुणाचे शिष्य, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अंगावर एकच घोंगडी. तीच अंथरायची, तीच पांघरायची. कुणी शाल आणून दिली तर महाराज हसून म्हणत, "आम्हांला एवढी पुरते," आणि ती शाल संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच कुणाच्या अंगावर गेलेली असे. भक्तहो, ही कथा त्या घोंगडीचीच आहे.

गावात ठकूबाई नावाची धनगराची सून होती. दिवाळी झाली की तिच्या घरची माणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची, ती उन्हाळा सरताना परतायची. दिवस गेले म्हणून ठकू त्या वर्षी मागे राहिली. सोबतीला डोळ्यांनी अधू सासू आणि एक शेळी. रोज सकाळी शेळीचं वाटीभर दूध महाराजांपुढे ठेवून ती हात जोडी. मागणं एकच असे, "पोर सुखरूप होऊ द्या, आन् त्याचं रडणं त्याच्या बापाच्या कानावर पडू द्या."

पण झालं भलतंच! सातवा महिना पुरता भरायच्या आतच, पौषातल्या कडाक्याच्या थंडीत ठकू बाळंत झाली.

सुईण होती आनसाबाई. तीन गावांत तिच्या हाताला यश होतं, आणि ते तिला स्वतःलाही चांगलंच माहीत होतं. पोर जेमतेम ओंजळीत मावेल एवढं. ते रडलंच नाही. मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज काढून गप्प झालं. आनसाबाईनं सुपात कापूस पसरला, त्यात त्याला ठेवलं आणि सूप कोपऱ्यात सरकवलं.

"ह्याला सारखं उचलू नगंस," ती म्हणाली. "कापसाच्या बोळ्यानं दूध पाज, झालं. आन् पोरी, जीव लावू नगंस. मागनं सोसत न्हाई."

हे ती दुष्टपणानं बोलली असं नाही. तिनं अशी पोरं पुष्कळ पाहिली होती, आणि त्यांतलं एकही राहिलं नव्हतं.

जीव लावू नकोस म्हणे! आईला का ते जमतं? ठकूला पान्हा फुटे, चोळी भिजून जाई, आणि पोराला ओढायचं बळ नव्हतं. ती सुपाशी कान लावून बसे. शेजारी कुणाचं तान्हं रडलं की त्याची आई वैतागे. ठकू मात्र हातातलं काम टाकून ते रडणं ऐकत राही. आपलं पोर एकदा, एकदाच असं कोकलून रडावं, याखेरीज तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

पाचवा दिवस आला. आनसाबाईनं सांगून टाकलं, "ह्याची पाचवी पुजायची न्हाई. राहिलं तर बघू." तेव्हा मात्र ठकू उठली, सूप उचललं आणि ओढ्याकडे निघाली. पारापासून दहा हातांवर थबकली.

महाराज म्हणाले, "लांब का उभी, माय?"

"सोयर हाय, महाराज."

"देवाकडून पाहुणा आला, त्याचा विटाळ कसला? ये जवळ." महाराजांनी सुपात डोकावून पाहिलं. मग विचारलं, "तुझ्या माहेरी मेंढरं होती ना? अवेळी कोकरू झालं तर बाप कुठं ठेवायचा त्याला?"

"घोंगडीत घालून पोटाशी बांधायचा. चालतानाबी, झोपतानाबी."

"सुपात नाही ठेवायचा?"

ठकूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिनं तिथंच पोराला उचललं, उघड्या छातीशी लावलं आणि वरून पदर आवळून बांधला.

"त्याचे महिने भरायचे राहिलेत," महाराज म्हणाले. "ते इथं भरू देत."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर आनसाबाई बायांना म्हणाली, "माकडीण झाली बघा ही! मेंढरं राखणारांची अक्कल दुसरी काय असायची? आन् त्या घोंगडीवाल्यानं किती बाळंतपणं केली, इचारा की!" बाया खळखळून हसल्या. सोयर म्हणून विहिरीपासून लांब उभी असलेली ठकू, कुणी ओतून दिलेलं पाणी घेऊन मान खाली घालून गेली.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी पहाटेपासून बोचरं वारं सुटलं. उजाडल्यावर ठकूनं पदराआड पाहिलं, तर पोर निळं, गार. ती धावत सुटली. वाटेत आनसाबाईनं अडवलं, पोराच्या तळपायाला हात लावला, नाकाशी बोट धरलं.

"संपलं गं. दे इकडं त्याला."

"न्हाई द्यायची!" ठकू ओरडली आणि तशीच पारावर जाऊन कोसळली. मागोमाग आनसाबाई आली, चार बाया आल्या.

महाराजांनी अंगावरची घोंगडी काढली आणि मायलेकरांभोवती लपेटली. लंगोटीवर, उघड्या वाऱ्यात ते शेजारी बसले. "रडू नकोस," एवढंच म्हणाले. "तुझ्या छातीचे ठोके ऐकू देत त्याला."

सूर्य वर आला. वारं पडलं, ऊन चटकू लागलं, बायांनी डोईवरची कांबळी काढली. महाराज मात्र थडथडा कापत होते! त्यांचे ओठ निळे पडले होते. "काय हो झालं, महाराज?" म्हणत आनसाबाईनं न राहवून त्यांच्या पायाला हात लावला, आणि चटका बसावा तसा मागे घेतला. पोराच्या तळपायाला सकाळी लागला होता तोच गारठा हा! आयुष्यभर पोरांच्या अंगावरून फिरलेला तो हात. त्याची ओळख चुकणार नव्हती.

एवढ्यात घोंगडीतून आवाज आला. आधी बारीक. मग असा टाहो फुटला की पिंपळावरचे कावळे उडाले. धन्य ती माउली! ठकू हसत होती, रडत होती, पोर छातीशी लागून चुटूचुटू ओढत होतं.

आनसाबाईनं महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "महाराज, मी लई जणांना कोपऱ्यात ठिवलं... त्यांच्या आयांना हात लावू दिला न्हाई..."

महाराज अजून कापतच होते. तिच्या डोक्यावर तसाच गार हात ठेवून ते म्हणाले, "तुला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. यापुढं कुणाची आई थकली, तर तिच्या जागी तू पोर छातीशी बांधून घे."

वैशाख सरताना मेंढरं परतली. ठकूचा नवरा अंगणात काठी टेकून उभा राहिला. आतून पोराचा आवाज येत होता. पाळण्याशी बसलेली आनसाबाई त्याला उगी करायला पुढे झाली.

"राहू द्या, आत्या," ठकू म्हणाली. "रडू द्या. त्याचा बाप ऐकतोय."

आनसाबाईनं हात मागे घेतला आणि बसल्या जागी पाराच्या दिशेनं जमिनीला कपाळ टेकलं.