चाळिसावे कार्ड

एका गावात दोन शेजारणी राहत होत्या, दोघींच्या मध्ये एक कुंपण होते, आणि सगळा घोटाळा त्या कुंपणावरच झाला.

गाव समुद्राजवळ, नारळी-केळीच्या वाड्यांत लपलेले. दोघींपैकी एक कार्डे करायची, दुसरी शेळी पाळायची. म्हणून गाव एकीला कार्डवाली म्हणे, दुसरीला शेळीवाली. शेळीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, त्यामुळे तिचे नाव टिकली. तीन बाया म्हणा ना, कारण टिकलीला आपण शेळी आहोत हे कोणी कधी सांगितलेच नव्हते.

नाताळ महिन्यावर आला की कार्डवालीच्या ओटीवर पसारा मांडला जाई. गावभरच्या जुन्या लग्नपत्रिका ती वर्षभर जमवून ठेवायची. त्यांच्या कोऱ्या पाठी म्हणजे तिची कार्डे. रंग घरचेच: हळद, गेरू आणि कपड्यांची नीळ. भेंडी आडवी कापून तिच्या ठशाने चांदण्या उमटवायची. चिकटवायला तांदळाच्या पेजेत कणीक शिजवून खळ करायची, आणि ती खळ अशी दाट आणि वासाची होई की येणाजाणाऱ्याला वाटे, आत काहीतरी खायचे शिजते आहे.

तिचे घर सोडून गावात चाळीस घरे होती. प्रत्येक घरासाठी एक कार्ड. त्यावर नाव नसे, त्या घराची खूण असे. विहीरवाल्यांना रहाट, कोळ्याला त्याची बोकी, शिंप्याला त्याचे मोडक्या पायाचे मशीन. नाताळच्या सकाळी ही कार्डे चर्चमध्ये बाळ येशूच्या गोठ्याशेजारी दोरीवर टांगली जात आणि जो तो आपले घर ओळखून हसत हसत कार्ड काढून नेई. त्याच चित्राची एक इवलीशी चिठ्ठी फराळाच्या ताटाला बांधायला मिळे. त्यामुळे करंज्यांचे ताट कोणाचे आणि केकचे कोणाचे, याची गल्लत होत नसे.

कार्डवालीचा एक नियम होता. पाहिल्याशिवाय ती काही काढत नसे. कोळ्याच्या बोकीसाठी ती दोन सकाळी त्याच्या दारात बसली होती. कोणी विचारले तर म्हणे, "मिशा डावीकडे चार आहेत, उजवीकडे पाच. घरी बसून हे कसं कळणार?" आपल्या हातावर तिचा फार विश्वास होता, आणि तो खोटा नव्हता.

एका वर्षी नाताळला दोन दिवस उरले असताना तिने चाळीसही कार्डे कुंपणाच्या काठ्यांना खोचून उन्हात वाळत घातली आणि ती आत चहा घ्यायला गेली. बाहेर आली तेव्हा टिकली शेवटचे कार्ड चघळत होती. तिला कागदाचे काय कौतुक असणार? तिला खळ आवडली.

"तुझ्या शेळीनं माझा महिना खाल्ला," कार्डवाली म्हणाली.

"मग तिच्या तोंडाशी टांगलास कशाला गो महिना?" शेळीवाली बोलून गेली.

बोलणे तेवढेच झाले, आणि वर्षभर पुन्हा झाले नाही. त्या नाताळला चर्चमधली दोरी रिकामी राहिली. लोक शेळीवालीकडे बघून हसले. कोणीतरी मागून "बें बें" केले. शेळीवाली मान खाली घालून घरी गेली, आणि तिच्या ताटातल्या करंज्या त्या वर्षी कोणाकडे गेल्या नाहीत.

पुढच्या नाताळला कार्डवालीने एकोणचाळीस कार्डे झपाट्याने उरकली. राहिले एक.

"शेळीवालीला काय काढणार?" लोक विचारत.

"बघालच," ती म्हणे. तिने मनात ठरवून टाकले होते.

तिने टिकली काढली. डोक्यावर मुकुट, तोंडात अर्धे कार्ड, आणि पोट फुगून टम्म. त्या पोटात भेंडीच्या ठशाच्या चाळीस चांदण्या. जुन्या साडीची जर उसवून तिने मुकुटाला लावली. खरे सांगायचे तर इतके सुंदर कार्ड तिने आजवर केले नव्हते. ते पाहून सारे चर्च पोट धरून हसणार होते.

फक्त डोळा राहिला होता. शेळीचे बुबुळ आडवे असते एवढे तिला ठाऊक होते, पण टिकलीचा डोळा नेमका कसा, ते आठवेना. आणि नियम म्हणजे नियम. ती पेन्सिल घेऊन कुंपणापाशी गेली आणि केळीच्या आडोशाने बघू लागली.

वर्षभर त्या अंगणाकडे तिने ढुंकूनही पाहिले नव्हते. आता पाहिले, तर एरवी मोकळी हुंदडणारी टिकली खुंटीला बांधलेली होती. खुंटीभोवती जमीन तुडवून तुडवून गोल, गुळगुळीत झाली होती. त्या गोलाच्या बाहेर हिरवेगार गवत, आत एक काडी नाही. टिकलीने तिला पाहिले आणि धावत कुंपणाकडे आली. कुंपण वीतभर दूर असताना दोर ताणला गेला आणि ती थांबली. दोर नेमका मोजून बांधलेला होता.

एवढ्यात शेळीवाली डोक्यावर फणसाच्या डहाळ्यांचा भारा घेऊन आली. शेळी चरायला जात नाही म्हटल्यावर चारा घरी आणावाच लागणार. तिने भारा टाकला, कंबरेवर हात ठेवून दम घेतला आणि टिकलीपुढे बसली.

"तिकडं नाही जायचं, बाय. एकदा गेलीस तेवढं पुरे." मग जरा थांबून म्हणाली, "आणि ऐक. यंदा चर्चमध्ये पुन्हा हसले ना, तर सण झाल्यावर तुला बाजारात नेऊन विकीन. माझ्या जीवावर येईल, पण नेईन. लोकांचं हसू मला आता सोसत नाही."

टिकली पाने खात राहिली. केळीमागे कार्डवालीला मात्र आपल्याच पावलांची लाज वाटली. ती आवाज न करता घरी परतली.

घरी चाळिसावे कार्ड ओटीवर पडलेले. जर चकाकत होती. ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसली. हे कार्ड टांगले तर गाव हसेल, तिची वाहवा होईल, आणि शेजारच्या अंगणातली खुंटी रिकामी होईल. नाही टांगले तर एवढी मेहनत वाया. आता तुम्ही म्हणाल, यात ठरवायचे काय? पण आपण केलेली सुंदर वस्तू टाकून देणे फार जड जाते. करून बघा एकदा.

"शेळीनं माझे कागद खाल्ले," ती स्वतःशीच म्हणाली, "आणि मी तिच्या मालकिणीची अब्रू खायला निघाले. तिला निदान भूक तरी लागली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कार्ड घेऊन निघाली. कुंपणावरून हात लांब केला, पण काठ्या उंच आणि दोर वीतभर आखूड. टिकलीचे तोंड काही पोहोचेना. शेवटी तिला वळसा घालून फाटकातून अंगणात जावे लागले. वर्षभरात पहिल्यांदा. तिने चाळिसावे कार्ड टिकलीपुढे धरले. टिकलीने आधी मुकुट खाल्ला, मग चांदण्या.

शेळीवाली दारात आली आणि तिथेच थबकली. "अगो, ते कार्ड… तिला कशाला देतेस?"

"खाऊ दे. वाईट होतं."

"तुझ्या हातचं कार्ड वाईट कसं असेल?"

"हात चांगला होता. मन वाईट होतं." कार्डवाली खाली बसली. "आणि खळ माझीच होती, तुझ्या शेळीच्या नाकाशी मीच टांगली. हे गेल्या वर्षीच बोलायला हवं होतं."

शेळीवालीने पदराने डोळे पुसले. "मी दोनदा कुंपणापर्यंत आले होते. माफी मागायला. तोंडातून शब्दच फुटेना. मग हिलाच आखूड दोरानं बांधून टाकलं."

"पाहिला मी तो दोर," कार्डवाली म्हणाली. "आता सोड तिला. मला तिचं चित्र काढायचंय, आणि बांधलेली शेळी मी काढणार नाही."

दोर सुटला. टिकली आधी त्या गोलाच्या कडेवर घुटमळली, मग एक पाय बाहेर टाकला, आणि मग जी उधळली ती वाडीभर. दमून परत आली तेव्हा शेळीवालीच्या मांडीवर डोके टेकून झोपली. कार्डवालीने तेच काढले. हळद संपली होती, जर उरली नव्हती. नुसता गेरू आणि कपाळावर कागदाचा कोरा ठिपका.

नाताळच्या सकाळी सगळे चर्चमध्ये दोरीशी गर्दी करून उभे राहिले. मिस्साची प्रार्थना संपल्यापासून लोकांचे लक्ष चाळिसाव्या कार्डाकडेच होते. हसायची तयारी करूनच आले होते ते. पण कार्ड पाहिले आणि कोणी हसले नाही. कोळी म्हणाला, "कशी निर्धास्त झोपलीय बघा." आदल्या वर्षी बें बें केले होते ते शिंप्याने. तोच आता पुढे झाला. त्याने कार्ड दोरीवरून काढले, शेळीवालीच्या हातात दिले आणि म्हणाला, "यंदा तुमच्या करंज्या येतील ना आमच्याकडे?"

करंज्या चाळीसही घरी गेल्या. पहिले ताट कुंपणापलीकडे गेले. त्याला शेळीवालीने स्वतः केलेली चिठ्ठी होती. भेंडीची चांदणी वाकडी उमटलेली, आणि खाली टिकलीचे असावेत असे चार पाय. कार्डवालीने ती अजून जपून ठेवली आहे.

आणि तो दोर? त्याच्या पुढच्या वर्षी शेळीवालीनेच तो आपल्या फणसाला आणि कार्डवालीच्या ओटीच्या खांबाला बांधला, चांगला उंच. त्यावर चाळीस कार्डे वाळत घातली. खाली टिकली मोकळी फिरत होती. खळीच्या वासाने ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली, मान लांब केली, तरी वीतभर कमीच पडली.

तात्पर्य: ज्याच्यावर राग आहे, त्याची थट्टा करण्याआधी एकदा त्याच्या कुंपणाशी जाऊन नीट पाहावे. पुष्कळदा माणसाने माफी केव्हाच मागून ठेवलेली असते, फक्त ती तोंडाने मागितलेली नसते.