गलबताचा राहिलेला नारळ

एका राज्यात एक समुद्र होता, समुद्राला बंदर होतं आणि बंदराला भीती होती. राजा विकटसेन तिकडं फिरकत नसे. फार शूर राजा, घरातून शूर.

बंदराच्या तोंडाशी एक जुनं गलबत चिखलात कलंडलेलं. शिडं कुजलेली, लाकूड काळं. दर ओहोटीला ते कुणाचं तरी नाव घेऊन हाक मारी. जो ओ देई तो चालत आत जाई, आणि गलबताला एक फळी वाढे. काल आवडी नावाच्या कोळणीचा नवरा, धर्माजी तांडेल, ओ देऊन भरल्या ताटावरून उठला. तळलेला मासा तसाच राहिला.

डोलकाठीवर एक म्हातारा बगळा होता. त्याला बोलता येई. त्यानं आवडीला सांगितलं, की गलबत पाण्यात लोटताना धन्यानं त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडायचा, ही रीत. या गलबताचा धनी विकटसेन, त्यानं त्या नारळाची चटणी करवून खाल्ली. तेव्हापासून गलबत नारळाच्या बदली डोकी गोळा करतं.

"तीन गोष्टी," बगळा म्हणाला. "ओ देऊ नकोस. मागं पाहू नकोस. ज्याचा नारळ, त्याच्याच हातून फोडव. आजची ओहोटी सरली, की तुझ्या नवऱ्याची फळी सुटायची नाही."

आवडी दरबारात गेली. राजाला पडसं झालं होतं म्हणे.

"महाराज, आजची हाक तुमच्या नावाची आहे, राहिलेला नारळ फोडलात तरच टळेल," ती बिनदिक्कत खोटं बोलली. राजाचं पडसं पळालं. नारळ घेऊन तो तिच्यामागं निघाला. प्रधान त्याच्याही मागं, पार वेशीपाशी.

चिखलात गुडघे बुडाले. गलबतातून धर्माजीचा आवाज आला, "आवडे, मासा गार झाला गं."

तिनं पदर दातांत धरला. मागं धर्माजीच्याच पावलांची पचपच वाजली, मानेवर त्याचा श्वास आला. ती वळली नाही.

वरून एक ओला दोर उतरला. बाजारात नारळ वाजवून बघतात तसं त्यानं आवडीचं डोकं वाजवलं. टक, टक. ती थिजली. मग राजाचं वाजवलं. बराच वेळ वाजवलं.

"यात पाणी नाही," गलबत म्हणालं.

राजानं नारळ हाणला. पहिला घाव स्वतःच्या अंगठ्यावर, दुसरा नाळेवर. पाणी उडालं, लाकूड कण्हलं, आणि एकेक फळी माणूस होऊन उतरू लागली. सगळ्यात शेवटी धर्माजी. मग उरलंसुरलं गलबत उभं राहिलं नि भरतीसरशी निघून गेलं.

बंदर नांदू लागलं. राजाच्या ताटात पुन्हा कधी चटणी दिसली नाही.

धर्माजीनं घरी येताच पाट ओढला आणि मासा मागितला.

"मांजरानं खाल्ला," आवडी म्हणाली, आणि मग कुठं रडली.