पोहायला शिकलेले पंतोजी

नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक पंतोजी राहायचे. पाटलांच्या मोठ्या पडवीत त्यांची शाळा भरायची. गावातली बहुतेक मोठी माणसं त्यांच्याच हाताखाली लिहा-वाचायला शिकलेली. खुद्द पाटीलही लहानपणी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले होते. पंतोजी मनाने चांगले होते, मुलांना त्यांनी कधी छडी लावली नाही. पण त्यांची शिकवण्याची रीत एकच होती. त्यांनी सांगायचं, मुलांनी म्हणायचं, आणि पाठ झालं की पुढचं घ्यायचं.

पूर्वीची मुलं निमूट म्हणायची. आताची मुलं मध्येच विचारायची, "पंतोजी, हे कशाला लागतं?"

"आधी पाठ करा, मोठे झालात की कळेल," पंतोजी म्हणायचे.

मग मुलांचे डोळे पडवीबाहेर नदीकडे वळायचे. पंतोजी आवाज चढवायचे आणि मुलं तोंडावर हात ठेवून जांभया द्यायची. पावसाळा सरला, नदीचं पाणी निवळलं आणि सतरंजीवरची एकेक जागा रिकामी होऊ लागली.

एका सकाळी पाटील आले तेव्हा समोर चार-दोनच मुलं होती.

"रागावू नका, पंतोजी," पाटील म्हणाले, "पण मुलंच येत नसतील तर पडवी अडवून काय करायचं? यंदा पीक बरं आहे. दिवाळीनंतर इथं धान्याची पोती ठेवावी म्हणतो. नाहीतर कोतवालाला पाठवू का? तो एकेकाला घरातून उचलून आणून बसवील."

"कोतवाल नको. मी स्वतः जाऊन बघतो," पंतोजी म्हणाले.

दुपारी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. "हल्लीच्या मुलांचं कशातच लक्ष नसतं," ते म्हणाले.

ताक वाढता वाढता ती म्हणाली, "तुमचा आवाज रोज इथवर ऐकू येतो. मुलांचा मात्र कधी येत नाही."

जेवण झाल्यावर पंतोजी उठले आणि नदीवर गेले.

सगळी मुलं डोहात होती. तुळसा नावाची नावाड्याची मुलगी एका लहानग्याला पोहायला शिकवत होती आणि बाकीची त्याला धीर देत होती. सगळी इतकी रमली होती की पंतोजी आलेले कुणाला कळलंच नाही. यांचं लक्ष नसतं असं आपण म्हणत होतो, पंतोजींच्या मनात आलं. नीट बघावं म्हणून ते पुढे सरकले, शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरला आणि ते थेट डोहात पडले.

पंतोजींना पोहता येत नव्हतं. ते गटांगळ्या खाऊ लागले. तुळसा आणि सिधू नावाचा मोठा मुलगा दोघांनी मिळून त्यांना ओढत काठावर आणलं. एकदोघं हसली, पण लगेच सगळ्यांचे चेहरे उतरले.

"आता तुम्ही आमचं नाव कोतवालाला सांगणार का?" सिधूने विचारलं.

पंतोजींचं धोतर निथळत होतं. एक शब्द टाकला असता तर उद्या सगळी मुलं मुकाट्याने सतरंजीवर बसली असती. पण त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"सारा जन्म नदीकाठी गेला, पण मला पोहता येत नाही," ते म्हणाले. "मला शिकवाल का?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. पंतोजींना शिकवायचं म्हणजे मोठंच काम. ते सिधूने अंगावर घेतलं. त्याने पंतोजींना वाळूत बसवलं आणि म्हणाला, "मी सांगतो तसं म्हणा. हात पुढे, पाय मागे, मान वर, श्वास आत."

पंतोजींनी म्हटलं. परत म्हटलं. ऊन चटके देऊ लागलं, वाळू तापली. पलीकडच्या काठावर एक खंड्या पाण्यात सूर मारत होता, पंतोजींची नजर तिकडे गेली.

"पंतोजी, लक्ष कुठं आहे?" सिधू म्हणाला.

"अरे, पण पाण्यात कधी उतरायचं?"

"आधी पाठ करा. मग कळेल."

सिधूच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. शिकवणं म्हणजे असंच असतं, असं त्याला मनापासून वाटत होतं. तो ते पंतोजींकडूनच तर शिकला होता. इतकी वर्षं आपण मुलांना काय करायला लावलं, ते पंतोजींना त्या तापल्या वाळूत बसून कळलं.

तेवढ्यात तुळसा पुढे आली. तिने त्यांचा हात धरून त्यांना गुडघाभर पाण्यात नेलं.

"तुम्हाला भीती कशाची वाटते?" तिने विचारलं.

पंतोजींनी थोडा विचार केला. "कानात पाणी गेलं की जीव घाबरा होतो."

"मग आज फक्त कान भिजवू."

त्या दिवशी खरोखर तेवढंच झालं. पुढे कधीतरी तुळसाने त्यांच्या पाठीखाली हात धरून त्यांना उताणं निजवलं. पंतोजी बुडू लागायचे आणि मुलं म्हणायची, "असू दे, परत करा." नुकताच शिकलेला तो लहानगा जवळ येऊन म्हणाला, "पोट वर ढकला. मलापण आधी तेच जमत नव्हतं." इतरांनी सांगितलेलं जे डोक्यात शिरत नव्हतं, ते त्या लहानग्याच्या सांगण्याने शिरलं. काही दिवसांनी पंतोजी डोहात एकटे तरंगले. वर निळं आभाळ होतं आणि काठावर मुलं टाळ्या वाजवत होती. म्हातारपणी आपल्याला कुणीतरी इतक्या मायेने शिकवलं, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवसापासून मुलं शाळेत येऊ लागली. आपल्या विद्यार्थ्याची शाळा बघायला आली म्हणा ना. पंतोजींनी प्रत्येकाला जवळ बसवून विचारलं, "तुझं कुठं अडतं?" असं मुलांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. एक म्हणाला, 'ळ' काढताना गाठ कुठं वळवायची तेच कळत नाही. एकीला वजाबाकीतला हातचा कुठून येतो ते उमगत नव्हतं. पंतोजींनी चिंचोके आणले, त्यांच्या दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधल्या, आणि एक पुरचुंडी सोडून तिला हातचा दाखवला. तिला कळल्यावर शेजारच्याला तिनेच शिकवलं. नावाड्याच्या होडीतून दोरी पलीकडच्या काठाला नेऊन मुलांनी नदीची रुंदी मोजली. "हे कशाला लागतं?" असं कुणी विचारलं की पंतोजी सांगायचे, आणि ठाऊक नसेल तर म्हणायचे, "मलाही माहीत नाही, शोधू या." सगळंच साधायचं असं नाही. वाळूत अक्षरं गिरवायला नेलं त्या दिवशी मुलं खेकड्यांमागे पळाली आणि कुणी काहीच शिकलं नाही. पंतोजी हसले आणि दुसरं काही करून बघू लागले.

गावात कुजबुज झाली, "ही शाळा आहे की जत्रा?"

दिवाळी झाली. पाटील पोत्यांची गाडी घेऊन पडवीच्या दारात आले. आत सतरंजी भरलेली होती. मुलं चिंचोक्यांवर वाकून हळू आवाजात वाद घालत होती. शाळा सुटायची वेळ टळली होती, तरी कुणी उठत नव्हतं. पाटील दारातच थांबले आणि बघत राहिले.

"पंतोजी, हे असं शिकवायला तुम्हाला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"या मुलांनी," पंतोजी म्हणाले. "त्यांनी मला बुडताना बाहेर काढलं आणि मग शिकवलंही. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत."

तुळसाने लाजून मान खाली घातली.

पाटील जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "एक सांगू? त्रैराशिक मला अजून पाठ आहे, पण कळलं कधीच नाही. शेताला बियाणं किती लागेल, ते मी आजही कारकुनाला विचारतो."

"बसा," पंतोजी म्हणाले. "कुठं अडतं ते सांगा."

पाटलांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि ते सतरंजीवर बसले. शेजारच्या लहानग्याने सरकून त्यांना जागा करून दिली आणि आपले चिंचोके त्यांच्या पुढ्यात ओढले. बाहेर गाडीवानाने थोडा वेळ वाट बघितली, मग बैल वळवले आणि पोती परत नेली.

तात्पर्य: मुलांचं लक्ष ओरडून मिळत नाही, ती कुठं अडली आहेत हे मायेने विचारलं की ती आपणहून देतात. आणि शिकवणारा जेव्हा स्वतः शिकायला बसतो, तेव्हा त्याला आपल्या विद्यार्थ्यांचेही आभार मानावेसे वाटतात.