रानडुकराची साक्ष

करवंदांच्या जाळ्यांनी भरलेल्या एका जंगलात एक रानडुक्कर राहत असे. मुलांनो, ते अंगाने दांडगे होते, कामाला वाघ होते, पण त्याचे पोट मात्र सदा दुखत असे. खाण्याने नव्हे, शेजारच्या अस्वलाकडे पाहून.

त्या जंगलात खऱ्या वाघाचे राज्य होते आणि त्या राज्यात एक कायदा होता. ज्यांची कातडी काळी, त्यांनी रोज सूर्य मावळताना पाणवठ्यावर येऊन हजेरी द्यायची. हरणे, ससे, मोर यांना हजेरी नव्हती. असे का, हे कोणी विचारत नसे. कारण कारभारी कोल्हा पिल्लांना अगदी लहानपणीच शिकवून ठेवी, "जो अंगावर अंधार घेऊन जन्मतो, त्याच्या मनातही अंधारच असतो." काळ्या कातडीची पिल्लेही हे घोकून पाठ करत. आपल्या रानडुकरानेही केले होते.

हजेरी जोडीजोडीने व्हायची. सर्वांनी माना खाली घालून चिखलात उभे राहायचे आणि ज्याने त्याने आपल्या जोडीदाराची साक्ष द्यायची. "अस्वल आहे," असे रानडुक्कर म्हणे. "रानडुक्कर आहे," असे अस्वल म्हणे. कोल्हा पाण्याकडे तोंड करून डुलक्या घेत हे ऐके. साक्ष मिळाली की हजेरी लागली.

एके दिवशी कोल्ह्याचे लक्ष अस्वलाच्या छातीवरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे गेले. "याच्यात थोडा उजेड आहे," तो म्हणाला. "आजपासून अस्वलाने खडकावर बसून हजेरी द्यावी."

झाले! रानडुकराच्या अंगाचा तिळपापड झाला. खरे तर त्याला चिखल मनापासून आवडत असे. दुपारभर ते त्यातच लोळायचे. पण अस्वल खडकावर बसू लागल्यापासून तोच चिखल त्याला बोचू लागला. त्याने ओढ्याकाठची पांढरी माती छातीला फासून पाहिली. ती वाळली आणि चालता चालता गळून पडली. हजेरी मुळात कशासाठी, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. अस्वल वर का आणि मी खाली का, एवढेच ते रात्रंदिवस उगाळत बसे.

जंगलात खारट मातीचा एक उंचवटा होता. राजाच्या परवानगीशिवाय तो चाटायला बंदी होती. एका संध्याकाळी, बरोबर हजेरीच्या वेळी, साक्षी व्हायच्या आतच, तिकडून टिटवी ओरडू लागली. सगळे धावले, वाघही आला. उंचवटा अर्धा उकरलेला होता. भोवती खुरांचे ठसे होते आणि जवळच एक चितळ उभे होते. त्याच्या तोंडाला तीच खारट माती लागली होती.

"चितळराव, तुम्ही घाबरला नाहीत ना?" कोल्ह्याने आदराने विचारले. मग तो वाघाकडे वळला. "महाराज, इतकं उकरायला नखं लागतात. हे काम अस्वलाचं."

"मी हजेरीला होतो, महाराज," अस्वल म्हणाले. "माझ्या जोडीदाराला विचारा."

वाघाने रानडुकराकडे पाहिले. "सूर्य मावळताना अस्वल हजेरीला होतं का?"

अस्वल निर्धास्त होते. एक शब्द ऐकला की ते घरी जाणार होते, पिल्ले वाट पाहत होती. रानडुकरालाही सत्य ठाऊक होते. पण त्याच्या डोळ्यांपुढे तो कोरडा खडक आला, आणि आता तो रिकामा होईल, हेही मनात आले.

"नव्हतं, महाराज," ते म्हणाले. "माझ्या जोडीत मी एकटाच होतो."

अस्वलाने नुसते वळून त्याच्याकडे पाहिले. वाघाच्या शिपायांनी अस्वलाला कड्याखालच्या घळीत ढकलले. त्या घळीतून आजवर कोणी वर आलेले नव्हते.

रानडुकराला जरा चोरट्यासारखे वाटले, पण तेवढ्यापुरतेच. ते खडकाकडे वळणार, तोच वाघ म्हणाला, "कारभारी, अस्वलाला खूर नसतात. हे ठसे कुणाचे?"

कोल्ह्याने चितळाच्या पायांकडे पाहिले आणि पटकन नजर काढून घेतली. मग त्याने रानडुकराचे पाय पाहिले. "खूर तुलाही आहेत," तो म्हणाला.

"पण मी हजेरीला होतो!"

"कुणी पाहिलं?"

"अस्वलानं."

"अस्वल तर तिथं नव्हतं," कोल्हा शांतपणे म्हणाला. "तूच सांगितलंस. तू एकटाच होतास."

रानडुकराने हजेरीतल्या इतरांकडे पाहिले. त्यांच्या माना नियमाप्रमाणे खाली होत्या.

घळीच्या तळाशी पडल्यावर मात्र ते जीव तोडून ओरडले, "महाराज, मी खोटं बोललो. अस्वल खडकावरच होतं."

वरून कोल्ह्याचा आवाज आला, "गुन्हेगाराची साक्ष दरबारात चालत नाही."

दुसऱ्या दिवशी हजेरी पुन्हा सुरू झाली. गव्याचे पाय पांढरे आहेत म्हणून त्याला खडकावर बसवण्यात आले, आणि खाली चिखलात आणखी काही जणांची पोटे दुखू लागली. चितळ उंचवट्याकडे फिरायला गेले होते.

घळीत सगळीकडे ओल होती. एकच दगड कोरडा होता आणि त्यावर अस्वल बसले होते. ते थोडे सरकले.

"ये, बस इथं," ते म्हणाले. "दोघं मावू."

ज्या कोरड्या जागेसाठी रानडुक्कर जळले, ती आता त्याला कोणी आपणहून देत होते. पण त्याला तिथे बसवेना. ते मान खाली घालून ओल्या मातीतच उभे राहिले.

तात्पर्य : सर्वांवर लादलेला अन्याय सोडून जो शेजाऱ्याच्या एवढ्याशा सवलतीवर जळतो, तो आपल्या बाजूने बोलणारा एकमेव साक्षीदार आपल्याच तोंडाने नाहीसा करतो.