काट मारलेली घरे

एक वृद्ध आचार्य एका संशोधन संस्थेत क्वांटम भौतिकी शिकवीत असत. त्यांची एक शिष्या पाच वर्षे एकाच प्रश्नावर ठाण मांडून बसली होती. चुंबकाभोवती असते तशा एखाद्या अदृश्य क्षेत्राला एका जागी किंचित डिवचले, तर दूरच्या जागी त्याची चाहूल कधी लागते, हा तो प्रश्न. उत्तर तसे सर्वांना ठाऊक होते. परिणाम शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकत जातो आणि प्रकाशाच्या आधी तो कुठेही पोचत नाही. सारा सिद्धांत याच पायावर उभा आहे. शिष्येला तेवढेच आकड्यांनी दाखवून द्यायचे होते.

आता क्षेत्र काही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ही मंडळी एक अवाढव्य तक्ता मांडतात, त्याला मॅट्रिक्स म्हणतात. क्षेत्राने एका स्थितीला हात लावला तर त्यातून दुसरी स्थिती कितपत निघेल, याचा एक आकडा तक्त्याच्या एकेका घरात असतो. दूरच्या परिणामाचे गणित करायचे, तर या घरांचे गुणाकार घेऊन त्यांची बेरीज करायची. काही धन, काही ऋण. घरे मात्र संपता संपत नाहीत. त्यामुळे त्या विभागात एक जुना रिवाज होता: आकडा एक सहस्रांशाहून लहान आला की त्यावर सरळ काट मारायची.

शिष्येनेही मारली. मग बेरीज केली आणि ती थक्क झाली. परिणाम दूरवर तत्क्षणी पोचत होता! थोडासाच, पण पोचत होता. तिने चार वेळा ताळा केला, लेख लिहिला, आईला फोन करून सांगितलेसुद्धा. आता फक्त आचार्यांची संमती हवी होती. तिच्या या आनंदाला मी हसणार नाही. पाच वर्षे डोके फोडल्यावर माणसाला एवढे तरी मिळावे.

आचार्यांनी लेख वाचला आणि विचारले, "काट मारलेली घरं कुठं आहेत?"

"सर, ती अगदीच किरकोळ होती."

आचार्य उठले. "चल जरा मैदानावर."

त्या दिवशी संस्थेचा वर्धापनदिन होता आणि रस्सीखेच रंगात आली होती. एका बाजूला चार दांडगे पहारेकरी, दुसऱ्या बाजूला खानावळीतले सात किडकिडीत वाढपी. दोन्हीकडचे वजन मात्र काट्यावर सारखे भरलेले. दोराच्या मध्यावरचा लाल रुमाल जागचा हलत नव्हता. आचार्य शांतपणे पुढे गेले आणि सर्वांत हडकुळ्या दोन वाढप्यांना खांद्याला धरून त्यांनी बाजूला घेतले. दोर सरकन पलीकडे गेला आणि उरलेले वाढपी तोंडावर आपटले.

मुख्य आचारी खवळला. "सर, हा कुठला न्याय? आमचीच माणसं का काढता?"

"अगदीच किरकोळ होती म्हणून," आचार्य म्हणाले.

सगळे मैदान हसले. शिष्या हसली नाही.

"रुमाल का सरकला?" आचार्यांनी तिला विचारले. "पहारेकऱ्यांच्या अंगात नवं बळ आलं?"

"नाही सर. समोरची माणसं गेली." ती थांबली. "माझी मोठी घरं थोडी आहेत आणि बहुतेक धन आहेत. लहान घरं पुष्कळ, आणि ती…" तिने बाजूला काढलेल्या दोघा वाढप्यांकडे पाहिले. "ती बहुतेक ऋण होती."

"दूरच्या जागी शांतता असते, ती तिथं कुणी नसतं म्हणून नव्हे," आचार्य म्हणाले. "तिथं सगळेच ओढत असतात आणि त्यांची बेरीज शून्य होते. कोण किरकोळ, हे एकेकाकडे बघून ठरत नाही. तो सुटल्यावर काय सरकतं, ते बघावं लागतं."

पुढचे तीन आठवडे शिष्या काट मारलेली घरे पुन्हा बेरजेत घेत राहिली. जितकी घरे परत येत, तितका तो विलक्षण परिणाम ओसरत जाई. अखेर गणिताच्या अचूकतेच्या मर्यादेत काहीच उरले नाही. तिला रडू आले आणि ते तिने लपवलेही नाही. लेख बाजूला ठेवून ती आचार्यांच्या खोलीत गेली.

"सर, एक विचारू? लहान घरांवर काट मारायचा रिवाज कुणी घातला?"

आचार्य उठून कपाटाकडे गेले.

"मी," ते म्हणाले. "तेव्हा सगळं हातानं करावं लागे. कंटाळा यायचा." त्यांनी कपाटातून एक पिवळा पडलेला लेख काढला. याच लेखाने चाळीस वर्षांपूर्वी त्यांचे नाव झाले होते. "यातली गाळलेली घरं मी कधीच फेकून दिली. ती पुन्हा मांडावी लागतील. कदाचित या लेखातही काही उरणार नाही."

शिष्येने डोळे पुसले, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि कोरा कागद पुढ्यात घेतला.

"पहिलं घर सांगा, सर."