विनोदाचं शेपूट

“...आणि विनोद माझा असून शिट्ट्या त्याला का, तात्या?”

भर दुपारी, फडाच्या राहुटीत, सखाहारी विचारत होता. रंभाजी तात्या तमाशातले जुने सोंगाडे. लोकांना हसवणारे कितीतरी जण त्यांच्या हाताखाली घडले. ते सुपारी कातरत राहिले.

सखाहारीनं सगळं गाऱ्हाणं ओतलं. बतावणीतले विनोद तो लिहायचा, एकेका शब्दाला आठ आठ दिवस घासायचा. फडातला दुसरा सोंगाड्या गेनू, त्याला धड सहीसुद्धा येत नव्हती. तो नुसतं ऐकून पाठ करायचा, अन् लोक त्याच्याच नावानं शिट्ट्या मारायचे. त्या शिट्ट्या कानावर आल्या की सखाहारीला अन्न गोड लागेना. आता उद्याच्या जत्रेत बतावणीला दोघांतला एकच उभा राहणार होता.

“म्हणून दाखव,” तात्या म्हणाले.

सखाहारी उभा राहिला.

“नवरदेव साठीचा, तोंडाचं पार बोळकं. सोयऱ्यांनी मुलीला विचारलं, भाकरी करता येते का? ती म्हणाली, मला करता येते. ह्यांना चावता येते का? ...म्हणजे दातच नव्हते ना त्याला. एक होता, तोही हलत होता. तर तो दात म्हणाला...”

तात्यांच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

“आता गेनू कसा सांगतो, ते दाखव.”

सखाहारीनं तोंड वाकडं केलं. तरी गेनूला वेडावत त्यानं सुरुवात केली. तोच नवरदेव, तेच सोयरे...

“मला करता येते. ह्यांना चावता येते का?”

आणि तो थांबला. ओठ घट्ट मिटले.

कोपऱ्यात चाळाचे घुंगरू ओवत बसलेली हौसाबाई खुदकन हसली. तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि पोट धरून तेही हसले.

सखाहारीचे डोळे भरून आले.

“बघा. माझ्या तोंडून निघाला, तरी तो त्याचाच.”

“पुढचं का नाही म्हणालास?”

“काय सांगू, तात्या... गेनूचं नाव मनात आलं की दातखीळच बसते. पुढं बोलवत नाही.”

तात्यांनी कातरलेली सुपारी त्याच्या तळहातावर ठेवली.

“उद्या बतावणीला तूच उभा राहा. अन् विनोद संपला, की मनातल्या मनात गेनूचं नाव घेत जा.”